न्यायमूर्ति रानडे आणि झुंडीचा न्याय

मतभेद झाला कीं माणूस तोडावयाचा, आणि एकट्याच्यानें तोडवत नसेल तर चार लोक जमवून तोडावयाचा, ही रीत आमच्या समाजांत जुनी आहे. भावकींतला तंटा असो, ग्रामण्य असो, कीं म्युनिसिपालिटीची निवडणूक असो, मुद्दा बाजूस राहतो व प्रतिपक्षाची बेअब्रू हाच विजय ठरतो. एरवीं जें करण्यास मनुष्य लाजला असता तें तो जमावांत शिरून बिनदिक्कत करतो. कारण तेथें दोष सर्वांत वांटला जातो व कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. या दुखण्यावर उतारा शोधतांना आम्हांस न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्राकडे वळावेंसें वाटतें.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. १८६६ सालीं ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७१ सालीं न्यायाधीश होऊन पुण्यास आले. सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज व विधवाविवाहाची चळवळ यांचे ते लवकरच आधारस्तंभ बनले. अर्थात् शिव्याशाप ही त्यांची नित्याची मिळकत झाली.

१८७५ सालीं स्वामी दयानंद सरस्वती यांचीं व्याख्यानें पुण्यांत झालीं व त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनीं गाढवाची मिरवणूक काढून तिला गर्दभानंदाचें नांव दिलें, आणि स्वामींच्या मिरवणुकीवर चिखलफेक केली. रानडे सरकारी न्यायाधीश होते. ते घरीं बसते तर त्यांस कोणी नांव ठेवलें नसतें. परंतु ते मिरवणुकींत चालले, चिखल अंगावर घेतला, आणि घरीं येऊन कपडे बदलले. त्या चिखलाचा डाग त्यांनीं मनावर मात्र राहूं दिला नाहीं.

याहून अवघड प्रसंग १८९० सालचा. पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एका समारंभानंतर पाहुण्यांपुढें चहा ठेवण्यांत आला. रानडे, टिळक, गोखले प्रभृति मंडळी तेथें होती. नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि मोठें ग्रामण्य माजलें. त्या काळीं ग्रामण्यांत सांपडलेल्या घरास श्राद्धाला भटजी मिळत नसे व सासरच्या लेकींस माहेरचें दार बंद होई. शिक्षा चहा घेणाऱ्यास नव्हे, तर घरांतील बायकापोरांस भोगावी लागे. रानड्यांस स्वतःसाठीं बहिष्काराची भीति नव्हती. तथापि अडचणींत सांपडलेल्या स्नेह्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. तेव्हां पूर्वीं सनातनी शिव्या देत होते, आतां सुधारकहि देऊं लागले. रानड्यांनीं दोन्ही ऐकून घेतल्या व कोणासहि उलट शिवी दिली नाहीं.

१८९५ सालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें. सामाजिक परिषद राष्ट्रीय सभेच्याच मंडपांत भरविण्याचा परिपाठ होता. या वेळीं तिला मंडप देऊं नये म्हणून एका पक्षानें उचल खाल्ली. मंडप जाळण्याच्या धमक्याहि निघाल्या. रानड्यांनीं मंडपाचा हट्ट सोडला आणि परिषद अन्यत्र भरविली. त्यांनीं जागा सोडली, मत सोडलें नाहीं. राष्ट्राचें काम घरच्या भांडणापायीं मोडूं नये हा विवेक त्यांत होता.

आम्ही रानड्यांचे आंधळे स्तुतिपाठक नाहीं. १८७३ सालीं प्रथम पत्नी निवर्तली असतां ते विधवेशीं विवाह करतील अशी अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहास मान देऊन त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. पित्याच्या दुःखाची त्यांस दया आली, विधवांच्या दुःखाची पुरेशी आली नाहीं, हा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. पुढें त्यांनीं रमाबाईंस शिकविलें व त्या स्वतः सेवासदनाच्या आधार झाल्या, तरी चूक ती चूकच. करुणा जवळच्या माणसापुरतीच राहिली म्हणजे तिचा दुबळेपणा होतो. पण ज्या लोकांनीं या एका चुकीवरून त्यांचें सारें आयुष्य धुळीस मिळविण्याचा यत्न केला, त्यांच्या हातून एका तरी विधवेचें अश्रु पुसले गेले काय, हें ज्याचें त्यानें आपल्या मनास विचारावें.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं निवर्तले. १९४७ सालीं देशास स्वातंत्र्य लाभलें, मतें मोजून कारभार चालूं लागला. परंतु बहुमत आणि झुंड यांत अंतर आहे. बहुमत ऐकून घेऊन ठरतें. झुंड ऐकावयाच्या आधींच धांवते. न्यायासनावर बसलेल्या रानड्यांस दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकणें हें कर्तव्यच होतें. विशेष हा कीं, न्यायासनावरून उतरल्यावरहि त्यांनीं ती संवय सोडली नाहीं. उद्यां आमच्या आळींत, पंचायतींत किंवा भाऊबंदांत कोणा एकावर चारचौघे तुटून पडले, तर आपण पांचवे होण्यापूर्वीं त्याच्या दारीं जाऊन त्याचें म्हणणें विचारावें. तेवढें ज्यास साधलें, त्यास रानड्यांचें चरित्र समजलें असें आम्ही म्हणूं.