बेर्नार्दिनो रामाझ्झिनी

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (४ ऑक्टोबर १६३३ – ५ नोव्हेंबर १७१४) हे इटालियन वैद्य आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. व्यवसायजन्य रोगांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम त्यांनी केला. म्हणून त्यांना व्यावसायिक वैद्यकाचे जनक मानले जाते. सततच्या आवाजामुळे कामगारांना येणाऱ्या बहिरेपणाची त्यांनी घेतलेली नोंद या विषयावरील महत्त्वाच्या आरंभीच्या नोंदींपैकी एक आहे.

जीवन

रामाझ्झिनी यांचा जन्म उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. पार्मा येथे त्यांनी तत्त्वज्ञान व वैद्यक यांचे शिक्षण घेतले आणि १६५९ मध्ये पदवी संपादन केली. रोमच्या उत्तरेकडील प्रदेशात व्यवसाय करीत असताना त्यांना हिवताप जडला व ते कार्पीला परतले. पुढे ते मोदेना येथे स्थायिक झाले. १६८२ मध्ये तेथील विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १७०० मध्ये ते पादुआ विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत तेथेच अध्यापन करीत राहिले. उतारवयात त्यांची दृष्टी फार क्षीण झाली होती.

कार्य

मोदेना येथील त्यांच्या घराचा मैलाखड्डा उपसणारा एक कामगार अत्यंत घाईने काम करीत होता. त्याच्याशी बोलल्यावर, खड्ड्यात अधिक काळ थांबल्यास डोळे जातात या भीतीने तो घाई करीत असल्याचे त्यांना समजले. शहरातील अनेक अंध भिकारी पूर्वी हेच काम करीत, असेही त्यांना आढळले. या प्रसंगातून त्यांच्या संशोधनाला चालना मिळाली. त्यांनी कारखान्यांत व कामाच्या जागी जाऊन कारागिरांची पाहणी केली. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर त्याचा व्यवसायही विचारावा, तसेच गरिबाच्या घरी साध्या तिवईवर बसून त्याचे म्हणणे सावकाश ऐकावे, अशी शिकवण त्यांनी वैद्यांना दिली.

‘दे मॉर्बिस आर्टिफिकम डायट्रिबा’ हा त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० मध्ये मोदेना येथे प्रसिद्ध झाला. त्यात दगड फोडणारे पाथरवट तसेच चुना व जिप्सम भाजणारे कामगार यांच्या रोगांचे विवेचन आहे. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत १२ प्रकरणांची भर पडली. सुतार, वीटकामगार, विहिरी खोदणारे आणि तांबट यांच्यावरील प्रकरणे या पुरवणीत आहेत.

बहिरेपणाविषयीचे निरीक्षण

व्हेनिसमधील तांबटांची स्वतंत्र वस्ती होती आणि तेथे दिवसभर तांबे ठोकण्याचा आवाज चाले. या कारागिरांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागते व म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात, असे रामाझ्झिनी यांनी नोंदविले. सततच्या आघाताने कानाच्या पडद्याचा स्वाभाविक ताण नाहीसा होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. यावर औषध सुचविणे त्यांना कठीण वाटले. कानांत कापूस घालून आवाजाचा आघात कमी करावा, एवढाच उपाय त्यांनी सांगितला.

त्यांची उपपत्ती आज अपुरी ठरली आहे. दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने मुख्यतः अंतर्कर्णातील केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म संवेदी पेशी नष्ट होतात आणि मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. मात्र हा बहिरेपणा बरा करण्यापेक्षा टाळला पाहिजे, हा त्यांच्या निरीक्षणातील अर्थ कायम राहिला आहे.

महत्त्व

बांधकामावर खडक फोडणारी यंत्रे, दगड व लोखंड कापणारी पाती आणि जमिनीत खांब ठोकणारी यंत्रे यांमुळे कामगारांच्या कानांना हाच धोका पोहोचतो. हानी वेदनेशिवाय व सावकाश होत असल्याने ती उशिरा लक्षात येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने ८ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबल आवाजात तो केवळ १५ मिनिटे उरतो. म्हणून कमी आवाजाची यंत्रे वापरणे, यंत्रांची निगा राखणे, आवाजाचे काम पाळीपाळीने देणे, कानांत बोळे किंवा कानांवर आवरणे वापरणे आणि श्रवणशक्तीची नियमित तपासणी करणे हे उपाय योजले जातात. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील सूचनायोग्य रोगांच्या यादीत आवाजजन्य बहिरेपणाचा समावेश होता.

रामाझ्झिनी यांचे पादुआ येथे निधन झाले. व्यावसायिक व पर्यावरणीय आरोग्याच्या अभ्यासासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोलेजियम रामाझ्झिनी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.