मेसच्या ताटातला गुप्तहेर

रविवारची उसळ मंगळवारी मिसळ होऊन ताटात येते, असा संशय मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येकाला येतो. तुम्हालाही आला असेल. पण पुरावा कुठून आणणार? जॉर्ज डी हेवेशीने तो आणला!

१८८५ मध्ये बुडापेस्टला जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ १९११ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रुदरफोर्डकडे कामाला गेला. राहायला एका बाईंकडे, जेवणही तिथंच. उरलेलं अन्न पुन्हा वाढतात अशी शंका आली, म्हणून पठ्ठ्याने ताटात टाकलेल्या अन्नात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळला. काही दिवसांनी ताज्या म्हणून वाढलेल्या पदार्थाची उपकरणाने तपासणी केली आणि चोरी पकडली. हा किस्सा तो पुढे स्वतःच सांगायचा. (तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका.)

प्रयोगशाळेत मात्र त्याचं काम फसलं होतं. शिशात मिसळलेलं 'रेडियम-डी' वेगळं काढायचं होतं. महिनोन्महिने खटपट केली, पण ते वेगळं होईना. होणार तरी कसं? ते शिशाचंच किरणोत्सारी भावंड होतं. आपण असतो तर 'प्रोजेक्ट फेल' म्हणून मोकळे झालो असतो. हेवेशीने विचार उलटा केला. वेगळं होत नाही ना? मग शिसं जिथे जाईल तिथे हेही जाणार. चिमूटभर मिसळायचं आणि किरणांवरून माग काढायचा. १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिट्झ पानेथसोबत त्याने ही 'ट्रेसर' पद्धत वापरून दाखवली.

पुढे कोपनहेगनमध्ये, १९२३ साली, घेवड्याच्या जातीच्या रोपाने मुळातून घेतलेलं शिसं कुठवर पोचतं हे त्याने मोजलं. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तेव्हा कळलं की हाडं म्हणजे एकदा बांधून संपलेली भिंत नव्हे. तिथे जुने अणू जातात, नवे येतात.

लपलेलं शोधणारा हा माणूस लपवण्यातही उस्ताद होता. १९४० मध्ये नाझी कोपनहेगनमध्ये घुसले, तेव्हा दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदकं त्याने अम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. कुणाला पत्ता लागला नाही. युद्धानंतर त्याच सोन्याची पदकं पुन्हा घडवली गेली. ज्यू कुळातल्या हेवेशीला स्वतःला १९४३ मध्ये स्वीडनला पळावं लागलं. ट्रेसरसाठी त्याच वर्षाचं नोबेल त्याला मिळालं. १९६६ मध्ये तो गेला.

त्याची युक्ती आज आपल्या फुप्फुसांपर्यंत पोचलीय. टेक्नेशियम लावलेले प्रथिनांचे बारीक कण शिरेतून सोडतात, ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत थोडा वेळ अडकतात. जिथे गुठळीमुळे रक्त पोचत नाही, तो भाग स्कॅनमध्ये रिकामा दिसतो. सहा तासांत हे टेक्नेशियम निम्मं उरतं. पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-१८ लावलेली साखर देतात. कॅन्सरची गाठ साखर अधाशासारखी ओढते आणि चित्रात उजळते. हे फ्लोरिन ११० मिनिटांतच निम्मं होतं. म्हणून २००२ मध्ये मुंबईत परळला पेट स्कॅन सुरू झालं, तेव्हा फ्लोरिन बनवणारा सायक्लोट्रॉनही तिथेच बसवला.

आयुष्य कमी, म्हणूनच ते शरीरात सोडायची हिंमत होते. तेव्हा घरातल्या कुणाला पेट स्कॅनला नेणार असाल तर ट्रॅफिकची सबब सांगू नका. तुम्ही सिग्नलला थांबलात तरी तिकडे औषध थांबत नाही.