मोबाइल स्टार्टरची चिप वाचवतो २०० वर्षांपूर्वीचा नियम; कोण होते जॉर्ज ओहम?

बीड : विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमध्ये मायक्रोकंट्रोलर नावाची चिप असते. तिच्या इनपुट पिनला अनेकदा जेमतेम ३.३ व्होल्ट चालतात. बॅटरीचे १२ व्होल्ट थेट गेले, की चिप गेलीच. तिला वाचवणारा रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर किती ओहमचा हवा, हे ठरते जॉर्ज सायमन ओहम यांच्या नियमावरून.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेनमध्ये झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. फारसे शाळेत न गेलेल्या या माणसाने मुलांना गणित घरीच शिकवले. विद्यापीठात गेल्यावर मात्र जॉर्ज नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले. (हॉस्टेलवर राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.) वडिलांनी वैतागून शिक्षण थांबवले. जॉर्ज स्वित्झर्लंडमध्ये मास्तर झाले. पुढे १८११ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८१७ पासून ते कलोन शहरातल्या शाळेत शिकवू लागले.

तिथेच, स्वतः बनवलेल्या उपकरणांवर, त्यांनी तारांचे प्रयोग केले. अडचण आपल्या ओळखीची होती : व्होल्टेज टिकत नव्हते. तेव्हाच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलायचा. मग त्यांनी दोन धातूंचा जोड वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून करंट मोजला आणि नियम हाती आला : रोध वाढला, की करंट त्याच प्रमाणात घटतो.

१८२७ मध्ये पुस्तक आले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. ओहम यांनी नोकरी सोडली. पुढची स्थिर जागा मिळाली थेट १८३३ मध्ये, न्यूरेंबर्गला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये आणि ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. रोधाच्या एककाला दिलेल्या त्यांच्या नावाला १८८१ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

पिन वाचते कशी?

बहुतेक चिपमध्ये पिनजवळ छोटा डायोड असतो. तो जादा व्होल्टेज सप्लायकडे वळवतो. पिनवर साधारण ३.९ व्होल्ट राहतात. पण हा डायोड फार करंट सोसत नाही. म्हणून पिनच्या आधी १० हजार ओहमचा रेझिस्टर लावायचा. उरलेले ८.१ व्होल्ट भागिले १०,०००, म्हणजे फक्त ०.८१ मिलिअँपिअर. विहिरीतल्या सेन्सरची वायर लांब असेल, तर बाहेरून वेगळा झेनर डायोडही लावावा. आणि २३० व्होल्टची लाइन तपासायची असेल, तर रेझिस्टरच्या भरवशावर राहू नका. तिथे ऑप्टोकपलरच हवा.