झिर्कोनियमचा माणूस : डॉ. ब्रह्मप्रकाश

वर्कशॉपमध्ये सर लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड आधी ओव्हनमध्ये तापवायला लावतात, तेव्हा आपण वैतागतो ना? पण ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरला, तर चांगलं पोलादसुद्धा एक-दोन दिवसांनी तडकू शकतं. धातू हायड्रोजन पितो आणि ठिसूळ होतो. अणुभट्टीत तर हा प्रश्न जिवावर बेतणारा असतो. भारतात अणुभट्टीचा धातू तयार करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. ब्रह्मप्रकाश.

त्यांचा जन्म १९१२ साली लाहोरला झाला. शिकले रसायनशास्त्र, पण अमेरिकेत एमआयटीमध्ये जाऊन ते मेटलर्जीकडे वळले. १९५१ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ते मेटलर्जी विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५७ नंतर मुंबईजवळ ट्रॉम्बेला त्यांनी धातूंचं काम उभं केलं.

इंधनाच्या नळ्यांना झिर्कोनियम लागतं, कारण ते न्यूट्रॉन फारसे खात नाही. पण त्याच्यासोबत खनिजात हाफ्नियम असतं, आणि ते न्यूट्रॉनचं भलतंच खादाड! दोघांचे रासायनिक गुण जवळजवळ सारखे. त्यांना वेगळं करण्याची पद्धत ब्रह्मप्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेलाच बसवली. पुढे हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्यामागेही तेच होते. आपल्या नांदेडहून हैदराबाद ते किती लांब! तारापूरच्या इंधनाच्या नळ्या तिथेच बनू लागल्या.

शुद्ध केलं म्हणून धोका संपत नाही. गरम पाण्याशी झिर्कोनियमची क्रिया होते, हायड्रोजन सुटतो, त्यातला थोडा धातूतच मुरतो. गरम असताना तो विरघळून राहतो. थंड झालं की हायड्राइडच्या पातळ, ठिसूळ चकत्या तयार होतात. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅनडात पिकरिंगच्या भट्टीत अशाच हायड्राइडमुळे एक प्रेशर ट्यूब फाटली.

१९७२ ते १९७९ ब्रह्मप्रकाश तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्यांच्याच काळात डॉ. कलाम यांच्या हाताखाली एसएलव्ही-३ रॉकेट घडत होतं. १९६८ साली पद्मभूषण मिळालं. ३ जानेवारी १९८४ ला ते गेले.

नळी दिसायला साधी, पण तिच्या आत काय मुरतंय ते ओळखणं म्हणजेच खरं इंजिनिअरिंग. तेव्हा पुढच्या वेळी रॉड तापवायचा कंटाळा करू नका!