काशीबाई कानिटकर

मराठीतल्या अगदी पहिल्या लेखिकांत काशीबाई कानिटकर यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म १८६१ साली सांगलीकडच्या आष्टे गावी, बापटांच्या घरी झाला. नवव्या वर्षी लग्न झाले, तोवर त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पती गोविंदराव हे कवी. बायकोने शिकावे अशी त्यांची फार इच्छा. पण सुनेच्या हाती पुस्तक दिसले की त्या काळी घरात बोलणी बसत. ती सोसून, कामधाम उरकून काशीबाई शिकल्या.

गोविंदरावांचे स्नेही म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार हरिभाऊ आपटे. ते काशीबाईंहून तीन वर्षांनी लहान. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. हरिभाऊ आणि काशीबाई यांचा पत्रव्यवहार पुष्कळ वर्षे चालला. त्यात पुस्तकांची आणि एकमेकांच्या लिखाणाची चर्चा असे. मित्राची बायको म्हणून नुसते कौतुक करून हरिभाऊ थांबले नाहीत. त्यांनी काशीबाईंना लेखिकेचा मान दिला. विवाहित बाईने परपुरुषाला पत्र लिहायचे, हे त्या काळी केवढे धाडस! गोविंदरावांचा भरवसा होता म्हणूनच ते निभावले.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही हरिभाऊंची कादंबरी ‘करमणुकी’तच आली. त्यात यमू आपली कहाणी स्वतः सांगते. बाईच्या मनातले दुःख पुरुषाला इतके कसे कळले, असे वाचताना वाटते. बायकांचे बोलणे जो मन लावून ऐकतो, त्यालाच ते कळते.

१८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या, त्यांत काशीबाई होत्या. त्यांची ‘रंगराव’ कादंबरी आधी मासिकातून आली आणि १९०३ साली तिचे पुस्तक झाले. त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. त्यात आनंदीबाईंची पत्रेही दिली. ती छापली नसती, तर आनंदीबाईंचे मन आपल्याला कोठून कळले असते? १९४८ साली काशीबाई वारल्या.

आपल्या तामलवाडीतही जात्यावरच्या ओव्या, माहेरच्या आठवणी, दुष्काळातले दिवस असे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याला कुठे लिहिता येते, असे म्हणून कोणी मागे राहू नये. लिहिताना चुकले तर दुरुस्त करता येते. मनातच राहिले तर ते आपल्याबरोबरच जाते. पुढच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने निदान एक पान लिहून आणावे, एवढीच विनंती.