माहितीच्या अधिकाराचा जगातला पहिला कायदा १७६६ चा, आणि तो आणणाऱ्या पाद्र्यालाच सभागृहाने हाकललं होतं

माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्याला २००५ चा कायदा आठवतो. दहा रुपयांची फी, ३० दिवसांची मुदत आणि उत्तर नाही आलं तर अपील. ज्यांनी या विषयात थोडं जास्त वाचलंय त्यांना हेही माहीत असतं की महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ मध्येच राज्याचा कायदा आला होता आणि गोव्याने तर १९९७ मध्येच असा कायदा केला होता. अमेरिकेत तो १९६६ मध्ये आला.

पण जगातला पहिला कायदा अमेरिकेच्याही बरोबर २०० वर्षं आधीचा आहे.

साल होतं १७६६. पुण्यात थोरल्या माधवराव पेशव्यांचा कारभार चालू होता. फ्रान्समध्ये राजाच्या विरोधात क्रांती व्हायला अजून २३ वर्षं होती. अशा काळात स्वीडनने कायदा केला की सरकारी कागद कोणीही बघू शकतो, त्याची नक्कल घेऊ शकतो आणि ती छापूही शकतो. यामागे जो माणूस होता तो ना राजा होता, ना सरदार, ना मोठा वकील. तो खेड्यातला एक पाद्री होता. त्याचं नाव अँडर्स किडेनियस.

किडेनियसचा जन्म २६ फेब्रुवारी १७२९ चा. गाव सोत्कामो. आज हे गाव फिनलंडमध्ये येतं, पण तेव्हा फिनलंड नावाचा वेगळा देश नव्हता, तो सगळा भाग स्वीडनच्या राज्यात होता. वडीलही पाद्रीच. अँडर्स लहान असताना वडिलांची नेमणूक पार उत्तरेला कुसामो इथे झाली. थंडी, जंगल, गरिबी आणि राजधानी स्टॉकहोम कुठल्या कुठे. पुढे तुर्कू आणि उप्साला इथल्या विद्यापीठांमध्ये त्याने शिक्षण घेतलं. धर्मशास्त्र तर होतंच, पण गणित आणि निसर्गविज्ञानातही त्याला रस होता.

१७५३ मध्ये त्याला आलावेतेली नावाच्या छोट्या गावात चर्चचं काम मिळालं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

गावात पाद्री म्हणजे फक्त रविवारी प्रवचन देणारा माणूस नव्हता. किडेनियसने दलदलीची जमीन कोरडी करून शेतीखाली आणली, बटाट्याची लागवड करून पाहिली, जनावरांच्या जाती सुधारायचे प्रयोग केले. आजूबाजूला डॉक्टर नव्हता, मग तो स्वतः औषधं बनवायचा, मोतीबिंदूची ऑपरेशन्स करायचा आणि देवी येऊ नये म्हणून लोकांना टोचायचा. जेन्नरची लस यायला अजून काही दशकं होती, तेव्हाची टोचणी जुन्या पद्धतीची आणि जोखमीची होती. तरी लोक त्याच्याकडे यायचे.

मग हा माणूस राजकारणात कसा आला? डांबरामुळे.

म्हणजे रस्त्यावरचं डांबर नाही. पाइनची लाकडं भट्टीत हळूहळू जाळली की जो काळा चिकट द्रव गळतो, ते डांबर. तेव्हाची जहाजं लाकडी होती आणि त्यांच्या फळ्यांना, दोरांना हे डांबर फासल्याशिवाय ती पाण्यात टिकायची नाहीत. त्यामुळे युरोपातल्या नौदलांना त्याची प्रचंड गरज होती. किडेनियसच्या भागातले शेतकरी हे डांबर बनवायचे. पण कायदा असा होता की त्या किनाऱ्यावरच्या गावांनी परदेशी जहाजाला थेट माल विकायचा नाही. पिंप भरायचे आणि आधी स्टॉकहोमला पाठवायचे. तिथले व्यापारी ते आपल्या भावाने घेणार आणि पुढे परदेशात विकून नफा कमावणार. घाम एकाचा आणि मलई दुसऱ्याची. शेतमालाच्या बाजाराचं राजकारण ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही.

१७६३ मध्ये किडेनियसने या बंदीच्या विरोधात जाहीर भूमिका घेतली. त्याच सुमारास स्वीडनच्या विज्ञान अकादमीने एक स्पर्धा जाहीर केली होती. प्रश्न होता, लोक देश सोडून का जातात? किडेनियसने उत्तरात सांगितलं ते साधारण असं, की माणसाला स्वतःच्या गावात मोकळेपणाने कमवू दिलं नाही तर तो जाणारच, त्याला अडवणारे कायदे करून काही होणार नाही. हा निबंध १७६५ मध्ये छापून आला.

१७६५ च्या सुरुवातीला तो स्टॉकहोमला पोहोचला, स्वीडनच्या संसदेत. ही संसद आजच्यासारखी नव्हती. तिची चार सभागृहं होती. सरदारांचं, पाद्र्यांचं, शहरी व्यापाऱ्यांचं आणि शेतकऱ्यांचं. किडेनियस पाद्र्यांच्या सभागृहात बसायचा. राजा नावापुरता होता, खरी सत्ता संसदेची. तिथे दोन पक्ष होते आणि त्यांची नावं होती हॅट आणि कॅप. खरंच. हॅटवाल्यांची सत्ता बरीच वर्षं होती, पण त्यांनी युद्धात पैसा घालवला, नोटा छापल्या, महागाई वाढवली. १७६५ मध्ये कॅपवाले सत्तेत आले. किडेनियस त्यांच्या बाजूचा.

डांबराचं काम त्याच वर्षी झालं. कोक्कोलासह किनाऱ्यावरच्या काही गावांना परदेशाशी थेट व्यापार करायची परवानगी मिळाली. ज्या कामासाठी पाठवलं ते झालं, आता गावी परत जायला हरकत नव्हती. पण हा गडी थांबला. त्याने पुस्तिका लिहायचा धडाका लावला. त्यातल्या एकीत त्याने मांडलं की प्रत्येकाला आपापला धंदा मोकळेपणाने करू दिला तर देशाचाही फायदा होतो. अ‍ॅडम स्मिथचं प्रसिद्ध पुस्तक यायला तेव्हा अजून ११ वर्षं होती.

हे लिहिताना त्याला खरी अडचण कळली. व्यापाराचे नियम कोणी, कधी, कोणाच्या फायद्यासाठी केले हे शोधायचं तर कागद हवेत, आणि कागद सरकारच्या कपाटात. शिवाय काहीही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवायचं. स्वीडनमध्ये त्यासाठी खास अधिकारी होता, त्याच्या शिक्क्याशिवाय पुस्तक बाहेर येत नसे.

शिक्का मिळूनही काय होऊ शकतं याचं उदाहरण ताजं होतं. १७५९ मध्ये पीटर फोर्स्कोल नावाच्या तरुणाने नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका काढली होती. ती सेन्सॉरमधून काटछाट होऊन निघाली, तरी सरकारने बंदी घातली आणि प्रती गोळा करायला लावल्या. हे काम आलं उप्साला विद्यापीठाचा कुलगुरू कार्ल लिनियसकडे. तोच, वनस्पतींना लॅटिन नावं देणारा, आणि फोर्स्कोल त्याचाच विद्यार्थी. फोर्स्कोल पुढे डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेवर गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. त्या मोहिमेतला एकटा जिवंत राहिलेला कार्स्टन नीबूर नंतर मुंबईला आला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली. असो, तो वेगळा विषय.

तर किडेनियसने छपाईच्या स्वातंत्र्याचं निवेदन तयार केलं. सादर मात्र ते दुसऱ्या सदस्याच्या नावाने झालं. त्यावर समिती बसली आणि किडेनियस तिच्यात होता. इथे त्याचं वेगळेपण दिसतं. सेन्सॉर काढून टाका अशी मागणी त्याआधीही लोक करत होते. किडेनियसला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. लिहायची मुभा दिली पण माहिती दिली नाही तर लोक अंदाजपंचे लिहिणार आणि सरकार ते खोटं म्हणून उडवून लावणार. म्हणून दोन्ही एकत्र हवं, लिहायचं स्वातंत्र्य आणि कागद बघायचा हक्क. आज हे सोपं वाटतं, पण तेव्हा युरोपात कारभार गुप्त असणं हीच रीत होती.

युरोपात उदाहरण मिळेना म्हणून त्याने चीनचं शोधलं. एका डॅनिश लेखकाचा चीनमधल्या लेखनस्वातंत्र्यावरचा मजकूर त्याने स्वीडिशमध्ये आणून छापला. तिथले सम्राट टीका ऐकून घेतात आणि म्हणून राज्य नीट चालतं, असा त्याचा सूर. खरा चीन किती तसा होता हा प्रश्नच आहे, पण स्टॉकहोममधल्या लोकांना लाजवायला मुद्दा चांगला होता.

२ डिसेंबर १७६६ ला कायदा जाहीर झाला. एकूण १५ कलमं. सेन्सॉरचं पद रद्द. धर्माविषयीच्या लिखाणाला मात्र जुनी तपासणी कायम राहिली, आणि राजा, राज्यघटना यांच्याविरुद्ध लिहिण्यावर बंधनं होती. म्हणजे कायदा पूर्ण मोकळा होता असं नाही. पण लेखकाला आपलं नाव गुप्त ठेवता येणार होतं. संसदेचे, न्यायालयांचे, सरकारी खात्यांचे कागद छापता येणार होते.

सगळ्यात भारी कलम दहावं. सरकारी दफ्तर लोकांना खुलं असेल, तिथे बसून नक्कल करता येईल किंवा प्रमाणित प्रत मागता येईल, आणि जो अधिकारी हे नाकारेल किंवा अडवेल त्याची नोकरी जाईल. आता आपल्या कायद्यातलं कलम २० बघा. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५ हजार. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कायद्याची जरब आजच्या दंडापेक्षा मोठी होती, असंच म्हणावं लागतं.

कायदा आला तेव्हा किडेनियस सभागृहात नव्हता. त्याला त्याच वर्षी उन्हाळ्यात बाहेर काढलं होतं.

झालं असं, कॅपवाल्यांनी महागाई उतरवण्यासाठी चलनाचं मूल्य पुन्हा जुन्या पातळीवर न्यायचं ठरवलं. किडेनियसने पुस्तिका लिहून सांगितलं की हे करू नका, आत्ता जो भाव आहे तिथेच चलन स्थिर करा, नाहीतर धंदे बसतील आणि कर्जदार मरतील. स्वतःच्याच पक्षाचा निर्णय आणि तोही संसदेने मंजूर केलेला. पक्षाला राग आला. पाद्र्यांच्या सभागृहाने त्याचं सदस्यत्व काढून घेतलं. लिहिण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा जे सभागृह करत होतं, त्यानेच त्या कायद्याच्या कर्त्याला लिहिल्याबद्दल घरी पाठवलं. पुढच्या दोन वर्षांत भाव कोसळले, मंदी आली आणि १७६९ मध्ये कॅपवाल्यांची सत्ता गेली.

कायदाही फार टिकला नाही. १७७२ मध्ये राजा गुस्ताव तिसरा याने बंड करून सत्ता आपल्या हातात घेतली. १७७४ मध्ये त्याने छपाईचा नवा कायदा काढला. नाव स्वातंत्र्याचंच, आतली मुभा मात्र कमी केलेली. १७६६ च्या कायद्यात तो बदलता येणार नाही असं लिहिलेलं होतं. तरी तो आठ वर्षांत बदलला. कायदा रद्द न करता फक्त अपवाद रुंद करायचे, ही पद्धत नवीन नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला वैयक्तिक माहितीचा अपवाद असाच सरसकट केला. आधी त्या अपवादातच सार्वजनिक हिताची अट होती, ती तिथून गेली. व्यापक जनहिताचं वेगळं पोटकलम अजून आहे असं सरकार सांगतं, आणि कार्यकर्ते म्हणतात की एखाद्या अधिकाऱ्याचं नाव आलं तरी आता वैयक्तिक म्हणून अर्ज फेटाळतील. वाद चालू आहे.

किडेनियस १७७० मध्ये कोक्कोलाचा मुख्य पाद्री झाला. १७७८ च्या संसदेत तो परत आला आणि पुन्हा कोणाला तरी अंगावर घेतलं. मालक लोकांना घरगड्यांची मजुरी बांधून हवी होती, हा गड्यांच्या बाजूने उभा राहिला. मजुराला आपला मालक आणि मोबदला ठरवायचा हक्क आहे असं त्याने लिहिलं. मग त्याने स्वीडनमध्ये येणाऱ्या परदेशी लोकांना आपापला धर्म पाळू द्यावा असा प्रस्ताव मांडला. या वेळी राजा त्याच्या बाजूने होता आणि स्वतःचे पाद्री सहकारी विरोधात. इतर सभागृहांनी साथ दिली आणि १७८१ मध्ये त्यावर राजाचा हुकूम निघाला.

म्हातारपणी तो कोक्कोलातच रमला. शेतीचे प्रयोग चालूच होते आणि घरी वाद्यवृंदही जमायचा. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना त्याने नोंदवलंय की संसदेत त्याने सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती लिहिण्या-छापण्याच्या स्वातंत्र्यासाठी. १ फेब्रुवारी १८०३ ला तो गेला, वय ७३. त्याला मूलबाळ नव्हतं.

सहा वर्षांनी फिनलंड रशियाकडे गेला. स्वीडनने राजाची एकाधिकारशाही संपल्यावर १८१० मध्ये छपाई-स्वातंत्र्याचा कायदा परत आणला आणि आज तो तिथल्या चार मूलभूत कायद्यांपैकी एक आहे. फिनलंडने १९८६ च्या मालिकेत १००० मार्काच्या नोटेवर किडेनियसचा चेहरा छापला. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट गेली.

आणि आलावेतेली? ब्रिटनमधल्या एका संस्थेने माहिती अधिकाराचे अर्ज ऑनलाइन करायचं एक मोफत सॉफ्टवेअर बनवलं. यात लोकांचा अर्ज आणि सरकारचं उत्तर दोन्ही सगळ्यांना वाचता येतं. अनेक देशांमधले लोक ते वापरून आपापल्या सरकारला प्रश्न विचारतात. त्या सॉफ्टवेअरचं नाव आलावेतेली आहे.