पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : देऊळ बांधले आणि दिवाबत्तीचीही सोय लावली

देवळाचा जीर्णोद्धार म्हटले की आपल्याकडे पहिले नाव तोंडी येते ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे. काशी, गया, सोमनाथ, कोठेही यात्रेला जा, हे नाव कानावर पडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. आगगाडी नव्हती, तारखाते नव्हते, अशा काळात नर्मदेच्या काठी बसून एका विधवा बाईने देशाच्या चारी दिशांना देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या केल्या. एवढा पैसा त्यांनी आणला कोठून, आणि बांधलेले टिकावे म्हणून काय तजवीज केली, हे देवळाच्या कामाला हात लावणाऱ्या प्रत्येक गावाने जाणून घेण्यासारखे आहे.

जन्म आणि बालपण

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. सीना नदीकाठचे हे लहान गाव जामखेड तालुक्यात आहे. त्यांच्या नावावरूनच सन २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजघराणे नव्हे. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसताना माणकोजींनी मुलीला लिहायला-वाचायला शिकविले. बापाने दिलेली ही शिदोरी पुढे लेकीला आयुष्यभर पुरली.

सासरे मल्हारराव होळकर हेही खेड्यातलेच. नीरेकाठचे होळ हे त्यांचे गाव. लहानपणी वडील वारले म्हणून ते खानदेशात मामाकडे वाढले. तेथून शिलेदारी करीत स्वतःच्या मनगटाच्या जोरावर पेशव्यांचे मोठे सरदार झाले आणि माळव्याचा कारभार त्यांच्याकडे आला. एकदा चौंडीस मुक्काम असताना देवळात आलेली ही चुणचुणीत मुलगी त्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतले, अशी कथा सांगतात. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी लग्न झाले तेव्हा अहिल्यादेवींचे वय आठ-दहा वर्षांचे होते.

सासऱ्यांची शाळा

मल्हारराव वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर असत. मागे वसूल गोळा करणे, फौजेला रसद पाठविणे, तोफा व दारूगोळ्याची व्यवस्था ठेवणे ही कामे त्यांनी हळूहळू सुनेच्या अंगावर टाकली. सून कामाला पक्की आहे हे त्यांनी ओळखले होते. सासू गौतमाबाईंनीही घरचा व्यवहार सुनेला शिकविला. अहिल्यादेवींना मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी झाली.

सन १७५४ मध्ये भरतपूरच्या सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तेथे तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्यादेवी तेव्हा अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडविले. आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहायचे, असे म्हणून त्यांनी सुनेला चितेपासून मागे वळविले. सासऱ्यांच्या शब्दाखातर त्या मागे राहिल्या आणि पुढची ४१ वर्षे त्यांनी रयतेसाठी खर्ची घातली.

संकटावर संकट

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. मराठ्यांची एक पिढी तेथे कापली गेली. मल्हारराव रणांगणातून वाचले, पण पाच वर्षांनी, मे १७६६ मध्ये, आलमपूर येथे त्यांचा अंत झाला. गादी नातवाला, म्हणजे मालेरावांना मिळाली. त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. गादीवर बसून वर्ष पुरे होण्याआधीच, सन १७६७ मध्ये तेही वारले. नवरा, सासरा आणि एकुलता एक मुलगा असे तिघे गेले आणि घरात कर्ता पुरुष उरला नाही.

संधी साधून होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी डाव टाकला. कोणीतरी लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्या हाती राहावा, असा त्यांचा बेत होता. त्यांनी पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांना फौजेसह बोलावून घेतले. राघोबादादा क्षिप्रेच्या काठी येऊन ठाकले. होळकरांच्या खजिन्यावरही डोळा होताच.

अहिल्यादेवी डगमगल्या नाहीत. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांकडे मदतीसाठी पत्रे धाडली. पुण्यास माधवराव पेशव्यांना खरी हकीकत कळविली आणि इकडे फौज सज्ज केली. बायकांचीही एक पलटण तयार केली असे सांगतात. राघोबादादांना त्यांनी कळविले की, एका बाईला जिंकलेत तर त्यात तुमची कीर्ती नाही, आणि हरलात तर जगात हसे होईल. राघोबादादांनी विचार केला आणि आपण तर मुलाच्या निधनाबद्दल समाचाराला आलो आहोत असे सांगून वेळ मारून नेली. माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींचा हक्क मान्य केला. लढाईवाचून राज्य राखले गेले.

फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे सोपविले. तुकोजी वयाने मोठे असूनही अहिल्यादेवींना मातोश्री म्हणत. पण मोहिमेच्या खर्चाचा हिशेब आल्याशिवाय मातोश्री पुढचा पैसा सहजासहजी देत नसत, आणि यावरून दोघांत कुरबुरीही होत. घरचा माणूस म्हणून हिशेबाला सूट त्यांनी दिली नाही.

महेश्वरचा कारभार

अहिल्यादेवींनी राजधानी नर्मदेकाठी महेश्वरास नेली. तेथे घाट बांधला, देवळे बांधली आणि विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी लुगडी आजही बाजारात मानाने विकली जातात. पहाटे उठून स्नान, पूजा, दानधर्म, मग साधे जेवण, आणि दुपारपासून दरबार असा त्यांचा नेम असे. दरबार खुला असे. गरिबातला गरीब माणूस आपले गाऱ्हाणे थेट त्यांच्या कानावर घालू शकत असे. पांढरे साधे लुगडे हाच त्यांचा पोशाख.

मूलबाळ नसलेला सावकार मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची, असा प्रकार तेव्हा पुष्कळ ठिकाणी चाले. अहिल्यादेवींनी अशा विधवांचा पैसा घेतला नाही, दत्तकासाठी नजराणाही मागितला नाही. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत, त्यांना जरबही बसविली आणि वाटेने जाणाऱ्या मालावर भिलकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्कही मान्य केला. बदल्यात वाटेचे रक्षण त्यांनीच करायचे. लुटणारा राखणदार झाला.

देवळे आणि खासगीचा पैसा

काशी विश्वनाथाचे देऊळ औरंगजेबाच्या हुकुमाने १६६९ मध्ये पाडले गेले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १७८० मध्ये, अहिल्यादेवींनी मूळ जागेजवळच नवे देऊळ उभे केले. आज भाविक दर्शन घेतात ते हेच. मणिकर्णिका आणि दशाश्वमेध या घाटांचीही बांधकामे त्यांनी केली. १७८३ मध्ये सोमनाथास पडक्या देवळापासून थोड्या अंतरावर नवे देऊळ बांधले. पुन्हा आक्रमण झाले तर धोका नको म्हणून तेथे मुख्य लिंग तळघरात बसविले. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही होळकरांच्याच हातचा. चांदवडचा रंगमहाल, पंढरपूरचा होळकर वाडा हीही याच घराण्याची आठवण.

आता हा पैसा कोठला? येथेच अहिल्यादेवींचे मोठेपण दिसते. होळकरांची दौलत दोन भागांत होती. एक सरकारी, म्हणजे फौज व राज्यकारभाराची. दुसरी खासगी, म्हणजे घरच्या स्त्रियांच्या नावे असलेल्या जहागिरीचे उत्पन्न. सासू गौतमाबाईंना पेशव्यांकडून मिळालेली ही खासगी १७६१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर अहिल्यादेवींकडे आली. धर्मकार्य चालले ते या खासगीतून. रयतेवर देवाच्या नावाने नवा कर बसविला नाही. खासगीतल्या पैशावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी तो धर्माला वाहिला होता. राघोबादादांनी या पैशावर नजर टाकली तेव्हा, ब्राह्मण म्हणून दान हवे असेल तर संकल्प सोडून देते, असे त्यांनी कळविले अशी आख्यायिका आहे. दान म्हणून काढलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, मग मागणारा कितीही मोठा असो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. देऊळ बांधले, कळस चढविला, की काम संपले असे त्यांनी कधी मानले नाही. ठिकठिकाणी पूजाअर्चा, नंदादीप, नैवेद्य आणि अन्नछत्र यांसाठी सालिना रकमा नेमून दिल्या. दूरदूरच्या देवळांना दरवर्षी गंगेचे पाणी कावडीने पोचते केले जाई. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया असत. नांगराच्या बैलांना थांबवून पाणी पाजायला माणसे असत. शेतकरी पाखरांना हाकलतात, मग त्यांनी खावे काय, म्हणून उभी पिके विकत घेऊन पाखरांसाठी सोडली जात. मध्य हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने जुन्या माणसांकडून चौकशी करून या गोष्टी नोंदल्या आहेत. परक्या सरकारचा माणूस असूनही त्याने त्यांच्या कारभाराची मनापासून वाखाणणी केली आहे.

शेवटचे दुःख

एवढे पुण्य गाठी असूनही दुःखाने पाठ सोडली नाही. मुलगी मुक्ताबाई हा एकच आधार उरला होता. तिचा तरुण मुलगा वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. ज्या आईला सासऱ्यांनी चितेपासून मागे वळविले होते, तिने लेकीपुढे हात जोडले, पायां पडून विनविले. पण मुक्ताबाई ऐकेना. नर्मदेच्या काठी आईच्या डोळ्यांदेखत ती चितेवर चढली. दोघा ब्राह्मणांनी अहिल्यादेवींना धरून ठेवले होते. दुःखाच्या भरात त्यांनी स्वतःचे हात चावून घेतले. पुढे तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. मग पुन्हा कामाला लागल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या ७० व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांनी नेमून दिलेले धर्मादाय पुढेही चालत राहिले. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात सामील झाले, आणि १९६२ मध्ये या देवळांच्या व घाटांच्या देखभालीसाठी खासगी विश्वस्त संस्था स्थापन झाली. राज्य गेले, पण देवाच्या दिव्यासाठी काढलेली तरतूद राज्यामागेही उरली.

एक गोष्ट सांगून हे चरित्र पुरे करू. एका विद्वान ब्राह्मणाने अहिल्यादेवींच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. आपण एक दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, असे म्हणून त्यांनी तो ग्रंथ नर्मदेत बुडवायला सांगितला, आणि ग्रंथकर्त्याची पुन्हा विचारपूसही केली नाही.

जीर्णोद्धार झालेल्या प्रत्येक देवळाला अहिल्यादेवींचे हे उदाहरण लागू आहे. देणगीचा पै-पैचा हिशेब स्वच्छ असावा, देवाचा पैसा देवाच्याच कामी लागावा, आणि कळस बसल्यावर दुसऱ्या दिवशीच्या तेलवातीची सोय आधीच लागलेली असावी. नाव दगडावर कोरले नाही तरी चालते. तेवत्या दिव्याजवळ लोक ते आपोआप घेतात.

अशा या पुण्यश्लोक मातोश्रींच्या चरणी विनम्र अभिवादन!